शास्त्रीय संशोधन आणि परवानगीचा कागद

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडे वाढविले आहे.)





आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून दरवर्षी ‘दहावी-बारावीनंतर काय?’ या विषयावर एखादे तरी भाषण होते. त्यात डॉक्टरकीची वाट सांगितली जाते, इंजिनियरिंगची सांगितली जाते, अलीकडे स्पर्धा परीक्षांचीही सांगितली जाते. आज मी एका निराळ्या वाटेबद्दल बोलणार आहे, आणि खरे म्हणजे त्या वाटेवरील एका फाटकाबद्दल. आपली मुले, त्यातही आपल्या मुली, आता बी.एस्सी. होऊन थांबत नाहीत. एम.एस्सी. करतात, पीएच.डी.चे नाव काढतात. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी मॅट्रिक झालेला माणूस शोधावा लागे, त्या घरातील मुलगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभी राहते ही सामान्य गोष्ट नव्हे. पण तेथे तिला जो पहिला प्रश्न विचारला जातो तो बहुधा विज्ञानाचा नसतो. ‘परवानगी घेतली का?’ असा असतो. या प्रश्नाची तयारी आम्ही शाळेत करून घेत नाही, महाविद्यालयात फारसे कोणी करून घेत नाही, आणि घरी तर असे काही असते हेच कोणाला ठाऊक नसते.

मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. प्रयोगशाळेबद्दल अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. परंतु स्कॉलरशिपचे अर्ज, दाखले, नावातील दुरुस्त्या ही कामे रोज हातून जातात, आणि शाळा सोडून गेलेली मुले कोठे अडली की पुन्हा आमच्याकडेच येतात. तेव्हा कागदाबद्दल बोलण्याचा थोडा हक्क मी घेतो.

प्रथम आपल्यातील एका थोर माणसाची आठवण करतो. १९०८ सालची गोष्ट. मुंबईतील एका शाळकरी मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. रोजच्या चिमणीपेक्षा ही वेगळी दिसते, तेव्हा हिचे मांस आपल्याला चालते की नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. त्यांनाही उत्तर देता आले नाही, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे त्या मुलापुढे उघडली. तो मुलगा म्हणजे डॉ. सालीम अली. हा प्रसंग बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘जिज्ञासा’ या सदरात येतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिकार हातात असूनही त्या मुलाने खाण्यापूर्वी विचारले.

पुढे सालीम अलींनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली, तीही त्या त्या दरबारची संमती व खर्चाची सोय घेऊनच. बंदूक घेऊन वाटेल त्या रानात शिरावे असा काळ त्यांच्याही वाट्याला आला नव्हता. आज तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पक्षी मारणे सोडाच, अभ्यासासाठी जाळ्यात धरून त्याच्या पायात कडे अडकवून सोडून द्यायचे असेल तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल तर त्याआधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. अभयारण्यात नुसते अभ्यासासाठी राहायचे असेल तरी वेगळी परवानगी. कोणी म्हणतात, अशा कायद्यांमुळे आज दुसरा सालीम अली निर्माणच होणार नाही. मला हे पटत नाही. जो मुलगा चिमणी घेऊन विचारायला गेला तो अर्ज घेऊनही गेला असता.

परवानगी म्हणजे साहेबाची मर्जी, असा आपल्याकडे समज आहे. तो अनुभवातून आलेला आहे हे मी नाकारत नाही. पण संशोधनाच्या परवानगीमागचा विचार आपल्याला परका नाही. अमानत हा शब्द आपल्या घरातील लहान मुलालाही कळतो. रानातला बेडूक संशोधकाचा नसतो, पिंजऱ्यातला उंदीरही खऱ्या अर्थाने त्याचा नसतो, रुग्णाच्या दंडातून काढलेले रक्त तर मुळीच त्याचे नसते. या सर्व गोष्टी त्याच्याकडे काही काळासाठी, काही कामासाठी सोपविलेल्या असतात. कोणी सोपविल्या, कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि काम संपल्यावर त्यांचे काय करायचे, हे लिहून ठेवणे म्हणजे परवाना.

यातील शेवटचा प्रश्न, काम संपल्यावर काय, हा सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा. त्यासाठी २०१० सालची दिल्लीची हकिकत सांगतो. ती आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन ऐकावी असे मला वाटते, कारण भंगाराच्या धंद्यात आपली माणसे थोडीथोडकी नाहीत.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक यंत्र होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते कॅनडातून आणलेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ, आणि त्याभोवती किरण बाहेर येऊ नयेत म्हणून शिशाचे जाड कवच. ज्या प्राध्यापकांनी ते वापरले ते निवृत्त झाले. यंत्र कित्येक वर्षे एका खोलीत बंद पडून राहिले. पुढे खोली रिकामी करायची म्हणून इतर जुन्या सामानाबरोबर फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरी येथील भंगारबाजारात आले. घेणाऱ्याला वाटले, शिसे चांगले निघेल. कामगारांनी ते फोडले. आतल्या चकचकीत धातूचे तुकडे हाताळले गेले, दुकानांत ठेवले गेले. एका माणसाने तर एक तुकडा खिशातील पाकिटात बाळगला. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. कातडी काळी पडली, केस गळाले, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांना संशय आला तेव्हा मुंबईचे अणुशास्त्रज्ञ तेथे पोहोचले आणि गल्लीगल्लीतून तुकडे गोळा करण्यात आले. अनेक जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. भंगाराच्या दुकानातील एक कामगार त्याच महिन्यात मरण पावला.

आता यातले विज्ञान पाहा. कोबाल्ट-६० ची शक्ती दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांत ती मूळ शक्तीच्या साधारण दोनशेव्या हिश्श्यावर आली होती. त्या दोनशेव्या हिश्श्याने माणूस मेला. यंत्र आणले तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळ अस्तित्वातही नव्हते, ते १९८३ च्या नोव्हेंबरात स्थापन झाले. पण लिलावाच्या वेळी ते मंडळ होते, नियम होते. किरणोत्सर्गी वस्तू टाकून देण्यापूर्वी मंडळाची परवानगी घ्यावी आणि ती ठरलेल्या जागीच पाठवावी असा नियम होता. मंडळाने विद्यापीठाला नोटीस दिली आणि किरणोत्सर्गी पदार्थांचा वापर थांबविण्यास सांगितले. विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली. परंतु लिलावाच्या फायलीवर सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाही त्या यंत्राचा ताप झाला नाही. ताप झाला तो ज्याच्या हातात कधी कुठलीच फाईल आली नव्हती त्याला.

म्हणून मी म्हणतो की परवान्याचा कागद हा गरिबाच्या विरोधात नसतो. पुष्कळदा तो गरिबासाठीच असतो, आणि तो नसला म्हणजे काय होते हे मायापुरीने दाखविले. आपल्यापैकी जे भंगाराचा व्यवहार करतात त्यांना विषय थोडा बाजूला ठेवून सांगतो. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचा पंख्यासारखा काळा किंवा जांभळा शिक्का दिसला, किंवा आकाराच्या मानाने फारच जड असे रुग्णालयातील अथवा प्रयोगशाळेतील डबडे आले, तर ते कापू नका. माणसांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. शिशाचा भाव बुडाला तरी चालेल.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन शिकत होती. सह्याद्रीतील एका अभयारण्यातील बेडकांवर तिला प्रकल्प करायचा होता. तुम्हाला ठाऊक आहे की आपल्याकडे बेडूक चार महिन्यांचा पाहुणा. पहिल्या पावसात ओरडतो, डबक्यांत अंडी घालतो, आणि पाऊस सरला की पुष्कळ जाती जमिनीत आणि दगडांखाली दडून बसतात. मुलीने जूनमध्ये अर्ज केला. परवाना ऑक्टोबरात आला. बेडूक गेले, वर्ष गेले. तिचे वडील माझ्याकडे आले ते चिडूनच. ‘गुरुजी, नाव पाहूनच अडकवले हो,’ म्हणाले. ‘आता बस्स झाले शिक्षण.’

मी अर्जाची प्रत मागितली. एका पानाचा अर्ज होता. कोणत्या जातीचे बेडूक, किती, धरायचे की नुसते पाहायचे, फोटो घ्यायचे की नमुना न्यायचा, कोणत्या तारखांना, रात्री की दिवसा, बरोबर कोण, यांपैकी काहीही त्यात नव्हते. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र नव्हते. वनखात्याने दोनदा माहिती मागविली होती, ती पत्रे महाविद्यालयाच्या कार्यालयात पडून होती आणि मुलीपर्यंत पोहोचलीच नव्हती. असा अर्ज कोणाचाही असता तरी अडला असता.

हे मी मुद्दाम स्पष्ट बोलतो. नावावरून वागणूक बदलते असे अनुभव आपल्या लोकांना येतच नाहीत, असे म्हणणारा मी नाही. पण प्रत्येक अडलेल्या कागदाचे कारण तेच मानले म्हणजे आपण कागद वाचायचेच सोडून देतो, आणि नुकसान आपल्याच मुलीचे होते. आधी अर्ज पुरा करा, पोच घ्या, तारीख टिपून ठेवा. त्यानंतरही विनाकारण अडले तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला हे तीस दिवसांत विचारता येते. ज्याच्याजवळ पोच आहे त्यालाच हा कायदा उपयोगी पडतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे विचाराल. वडिलांना समजावण्यात दोन फेऱ्या गेल्या. मुलीने त्या वर्षी अभयारण्याबाहेरच्या भातशेतीतील किड्यांवर प्रकल्प केला, आणि त्याच हिवाळ्यात पुढील पावसाळ्याचा अर्ज भरला. या वेळी तो अर्ज सात पानांचा होता. एप्रिलमध्ये परवाना हातात आला. आता ती पीएच.डी. करीत आहे.

सरकारी कचेऱ्यांचाही यात दोष आहे हे लपवून उपयोग नाही. निसर्गाचे वेळापत्रक कचेरीला ठाऊक नसते. पावसाळ्याच्या अभ्यासाचा अर्ज पावसाळ्यापूर्वी निकालात काढला नाही तर तो नाकारल्यासारखाच होतो, एवढे तरी लक्षात घेतले जावे. परंतु ते सुधारेपर्यंत आपण हिवाळ्यात अर्ज करावा हे बरे.

परदेशी शास्त्रज्ञांनाही यातून सूट नाही. २००८ साली दार्जिलिंगकडील सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय कीटक गोळा केले म्हणून चेक प्रजासत्ताकातील दोघांना पकडण्यात आले आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. परदेशी माणसाला आपल्याकडील जैविक नमुन्यांवर काम करायचे असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी संमती लागते. आपल्या मुलांनी यातले एवढे तरी ध्यानात ठेवावे, की परदेशातील एखाद्या प्राध्यापकाने ईमेलवर गोड बोलून ‘थोडे नमुने पाठव, शोधनिबंधात तुझे नाव घालतो’ असे म्हटले, तर पाकीट पोस्टात टाकण्यापूर्वी मार्गदर्शकांना आणि प्राधिकरणाला विचारावे. नवीन जातीचा शोध लागला तर तिचा नमुना सरकारने ठरविलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे, तेथे एकदा जाऊन यावे. सहल म्हणूनही वाईट नाही.

प्रयोगशाळेतील प्राण्यांबाबत १९६० चा कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. ज्या संस्थेत उंदीर-सशांवर प्रयोग होतात तिची नोंदणी लागते, आणि प्रत्येक प्रयोग संस्थेच्या नीतिसमितीपुढे मांडावा लागतो. किती उंदीर? इतकेच का? कमी चालणार नाहीत का? वेदना कमी करण्यासाठी काय करणार? असे प्रश्न तेथे होतात. मुक्या जनावराला तहानलेले ठेवू नये, त्याच्यापुढे सुरी परजू नये, हे आपण बकरी ईदला मुलांना शिकवतोच. त्या समितीतील प्रश्न आपल्या मुलांना अवघड वाटू नयेत. जनुकांत फेरफार करण्याच्या कामासाठी १९८९ चे वेगळे नियम आहेत, ड्रोन उडवायचे तर २०२१ चे. ज्याला जे लागेल त्याने ते पाहावे, सर्वांची यादी येथे वाचून दाखवीत नाही.

मात्र एक गोष्ट घाईने सोडून देता येत नाही, ती म्हणजे माणसांवरील संशोधन. कारण येथे आपण केवळ संशोधकाचे आईबाप नसतो. ज्याच्यावर संशोधन होते तोही आपलाच असू शकतो.

२००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस एका अभ्यासाचा भाग म्हणून देण्यात आली. हे काम विद्यापीठाचे नव्हते, पण उदाहरण सर्वांना लागू आहे. काही मुलींच्या मृत्यूनंतर गवगवा झाला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये काम थांबविण्यात आले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे दिसले नाही, हे मी आधीच सांगतो. ती लस आज जगभर दिली जाते आणि ती चांगली आहे, तेव्हा माझे भाषण ऐकून कोणी लसीला नकार देऊ नये. दोष निघाला तो संमतिपत्रांत. आंध्रमधील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे होते. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली. ही ओळ वाचली तेव्हा मी आपल्या वसतिगृहाकडे पाहिले. बाहेरगावची मुले आपण सांभाळतो, त्यांच्या किती कागदांवर आम्ही शिक्षक पालकांच्या जागी सह्या करतो! सहलीचा कागद वेगळा आणि रक्त घेण्याचा कागद वेगळा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अठरा वर्षांखालील मुलाबाबत आईवडिलांची अथवा कायदेशीर पालकाची संमती हवी, आणि सात वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारीही विचारली पाहिजे. बारा वर्षांवरील मुलाकडून ती लेखी घ्यावी लागते. तेव्हा उद्या कोणी प्राध्यापक किंवा कोणी डॉक्टर शाळेत येऊन ‘शंभर मुलांचे रक्त तपासायचे आहे, तुमच्याच समाजाच्या भल्यासाठी आहे’ असे म्हणाले, तर त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि नीतिसमितीच्या मंजुरीचे पत्र मागावे. खरा संशोधक रागावत नाही. ते पत्र त्याच्या पिशवीत असतेच. रक्त कशासाठी, अहवाल आम्हाला मिळणार का, मध्येच नको म्हटले तर चालेल का, मुलाचे नाव गुप्त राहील का, हे विचारायला पदवी लागत नाही. आणि नको म्हटल्याने मुलाचे उपचार किंवा मार्क कमी होता कामा नयेत, हा त्याचा हक्क आहे.

हीच बाजू उलटून आपल्या एम.फार्म., एम.ए., मानसशास्त्र, समाजकार्य करणाऱ्या मुलांनी पाहावी. मोहल्ल्यातील बायकांची मुलाखत घ्यायची तर ‘आपल्याच खाला-फुफ्या आहेत, त्यांना काय विचारायचे’ असे म्हणून चालत नाही. आपली आहे म्हणूनच तिला नीट विचारावे. समितीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी लागते. आधी माहिती गोळा करून मागाहून मंजुरी मिळत नाही, आणि ती नसेल तर चांगली मासिके शोधनिबंध छापत नाहीत. प्रबंध लिहून झाल्यावर हे कळले तर काय होते, त्याची उदाहरणे प्रत्येक विद्यापीठात सापडतील.

शेवटी पालकांना एक विनंती. माणसांवरील संशोधनाची जी नीतिसमिती असते तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि तिच्यात डॉक्टर व शास्त्रज्ञांबरोबर कायदा जाणणारा एक आणि समाजातील एक सामान्य नागरिक असावा लागतो. प्राण्यांच्या समितीतही शास्त्रज्ञ नसलेल्या एका सदस्याची जागा असते. या जागा भरताना महाविद्यालये बहुधा ओळखीच्या वर्तुळातच शोधतात, आणि आपली माणसे त्या वर्तुळात क्वचितच असतात. आपल्यात निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, घर आणि बचतगट दोन्ही सांभाळणाऱ्या शहाण्या भगिनी आहेत. आपल्या भागातील वैद्यकीय व फार्मसी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना संस्थेच्या वतीने अशा चार-पाच नावांचे पत्र देता येईल. बोलावणे आले तर ‘आम्हाला त्यातले काय कळते’ असे म्हणून मागे फिरू नका. विज्ञान कळणारे तेथे बसलेलेच असतात. संमतिपत्रक सामान्य माणसाला कळेल अशा त्याच्या भाषेत आहे की नाही, हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला चांगले सांगता येईल. बैठकीचे कागद आधी घरी येतात, आणि ते वाचायला एक संध्याकाळ पुरते.